घाम गाळून इंजेक्शन उतरत नाही, वस्ताद

पलूसकडच्या एका तालमीच्या वस्तादांनी मला विचारलेला प्रश्न असा: “डॉक्टर, आमच्याकडची दोन-तीन पोरं मेहनतीआधी इंजेक्शन मारून घेतात असा मला संशय आहे. एकाला धरलं तर म्हणतो, दोन तास जोर-बैठका मारल्या की सगळं घामातनं निघून जातंय, वर लिंबूपाणी आणि ताक पितोय, मैदानाच्या दिवशी अंगात काय राहत नाही. हे खरं आहे का? अंगातनं हे कुठनं कुठनं बाहेर पडतं? आणि किती दिवस राहतं?”

वस्ताद, घामातून ते निघतं, पण चिमूटभर. तेवढ्यानं अंग मोकळं होत नाही. उलट जिथून जिथून ते पाझरतं तिथं तिथं माग ठेवून जातं. आता सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पोरानं अर्धं खरं बोलून तुम्हाला गप्प केलंय, आणि अर्ध्या खऱ्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. तीस वर्षं झाली. तुमची पोरं जे घेतात ते बहुधा मेफेंटरमिन. ते माझ्या ट्रॉलीवर रोज असतं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली की खालच्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब घसरतो. सिझेरियनच्या टेबलावर हे हमखास होतं. अशा वेळी हे औषध शिरेतून मोजून तीन ते सहा मिलिग्रॅम द्यायचं, मॉनिटरवर नजर ठेवायची, लागलं तरच पुन्हा. ऑक्सिजन शेजारी, मी डोक्याशी. हीच बाटली जिमच्या बदलायच्या खोलीत ‘दम वाढवायचं’ म्हणून हातोहात फिरते, तेव्हा तिथं ना मॉनिटर असतो ना मोजमाप.

पोराचा समज कुठून आला ते मला कळतं. लहानपणी दोन वर्षं मीही लाल माती अंगाला लावली आहे. वजनी गटात बसायचं तर आदल्या दिवशी घोंगडं पांघरून पळायचं, जाड कपडे घालून दोर चढायचा, आणि संध्याकाळी काट्यावर दीड-दोन किलो कमी. डोळ्यांदेखत अंगातलं काहीतरी कमी झालेलं दिसतं. मग गड्याला वाटतं, वजन उतरलं तसं औषधही उतरलं असणार. पण उतरलेलं ते वजन म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. रात्री दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं.

आता औषध घामात जातं कसं, हे समजायला एक गोष्ट तुमच्या ओळखीचीच आहे. तंबाखू. तंबाखूला चुना का लावतात? चव म्हणून नव्हे. तंबाखूतलं निकोटिन हे रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं. आंबट वातावरणात त्याच्या कणाला विद्युतभार चिकटतो, आणि भार असलेला कण पेशीच्या तेलकट पडद्यातून जाऊ शकत नाही. चुना लावला की वातावरण आम्लाच्या उलट होतं, कणाचा भार सुटतो, आणि तो गालाच्या आतल्या कातडीतून सरळ रक्तात शिरतो. म्हणून चुन्याशिवायची तंबाखू ‘लागत’ नाही. आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण चिमटीचं प्रमाण बरोबर माहीत होतं.

मेफेंटरमिन, ॲम्फेटामिन, मेथॲम्फेटामिन, कोकेन, हल्ली ज्याचं नाव ‘एमडी’ म्हणून ऐकू येतं ते मेफेड्रोन, ही सगळी निकोटिनसारखीच अल्कधर्मी कुळातली. (त्या शेवटच्याबद्दल आपल्याला मुंबईकडं बोट दाखवायची सोय राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी त्याचा साठा आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडमधून पकडला होता.) त्यामुळं तंबाखू-चुन्याचा नियम या सगळ्यांना लागू पडतो, फक्त उलट्या बाजूनं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लाच्या उलट बाजूला. घाम त्याहून आंबट, साधारण ५ ते ६.५. रक्तातला भार नसलेला कण घामाच्या ग्रंथीच्या पडद्यातून सहज पलीकडं जातो. तिथं आंबट वातावरणात गेल्यागेल्या त्याला भार चिकटतो, आणि मग परतीची वाट बंद. उंदराच्या पिंजऱ्यासारखं: आत जायला झडप उघडी, बाहेर यायला नाही. म्हणून घामात या औषधांचं प्रमाण रक्तातल्यापेक्षाही जास्त सापडू शकतं. तुमच्या पोराच्या बोलण्यातलं अर्धं खरं ते हेच.

उरलेलं अर्धं हिशेबात आहे. ॲम्फेटामिन घेऊ, कारण ते मेफेंटरमिनच्या भावकीतलं आणि त्याची मोजमापं नीट झालेली आहेत. ही औषधं रक्तात फार थांबत नाहीत. यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, स्नायू अशा ऊतींमध्ये जाऊन बसतात. रक्तातलं प्रमाण पाहून मागं हिशेब केला तर असं वाटतं की औषध किलोमागं सुमारे ४ लिटर पाण्यात विरघळलंय. ७५ किलोच्या पैलवानाच्या अंगात म्हणजे ३०० लिटर! एवढं पाणी कुणाच्याच अंगात नसतं. तो आकडा एवढंच सांगतो की माल दुकानात थोडा आणि गोदामात फार आहे. आता गड्यानं दोन लिटर घाम गाळला, आणि उदार होऊन घामातलं प्रमाण रक्ताच्या तिप्पट धरलं, तरी बाहेर पडलं किती? ३०० पैकी ६. शंभरात दोन. त्या दोन टक्क्यांसाठी त्यानं दोन लिटर पाणी घालवलं, रक्त घट्ट केलं, आणि जे मूत्रपिंड खरं काम करतं त्याचंच पाणी तोडलं.

घामाच्या ग्रंथी आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख असतात, पण त्या गाळण्या नव्हेत. त्यांचं काम अंग थंड ठेवणं. औषध त्यातून जातं ते पाझरून, वाड्याच्या भिंतीला ओल यावी तसं. काखेतल्या आणि जांघेतल्या ग्रंथींचा स्राव वेगळा, दाट. शिवाय केसांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात, त्यांच्या तेलातही अशी औषधं थोडी थोडी उतरतात. अमेरिकेत जामिनावर किंवा देखरेखीखाली सुटलेल्या लोकांच्या दंडावर एक चिकटपट्टी लावतात. ती आठवडाभर किंवा जास्त ठेवतात, त्यात घाम जिरतो, औषध अडकून राहतं, आणि मग पट्टी प्रयोगशाळेत जाते. म्हणजे ज्याला तुमचं पोर सुटकेची वाट समजतंय, तिथंच लोकांनी पहारा बसवलाय.

तुम्ही फोनवर म्हणालात की एकाच्या घामाला वेगळाच वास येतो. त्यावरून काही ठरवू नका. वास बहुतेक काखेतल्या जंतूंचा असतो. शिवाय उपाशीपोटी फार मेहनत केली की घामाला अमोनियासारखा वास येऊ शकतो, त्यात खुराक प्रथिनांनी भरलेला. नाकानं तपासणी होत नाही.

लाळेचंही तसंच. कानाखालची, जबड्याखालची आणि जिभेखालची अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या. लाळ रक्तापेक्षा किंचित आंबट, म्हणून ॲम्फेटामिन लाळेत रक्तातल्यापेक्षा दोन-तीन पटींनी सापडतं. परदेशात रस्त्यावर गाडी थांबवून लाळेची तपासणी करतात ती यामुळंच. पण लाळ आपण गिळतो. बाहेर टाकलेलं परत पोटात जातं, आतड्यातून परत रक्तात. गंमत अशी की हीच औषधं लाळग्रंथींना आखडवतात, तोंड कोरडं पडतं. तुमच्या तालमीत एखादा गडी सारखा ओठ चाटत असेल, बाहुल्या मोठ्या दिसत असतील आणि मेहनत संपून तासभर झाला तरी छाती धडधडत असेल, तर वासापेक्षा ती खूण मला जास्त खरी वाटते.

जठर हे तर सगळ्यांत आंबट. शिरेतून घेतलेलं औषधही थोडं जठराच्या रसात जाऊन अडकतं. ‘सुईनं घेतलंय, पोटाचा काय संबंध’ असं नसतं. पण तिथूनही ते पुढं आतड्यात सरकतं आणि परत आत ओढलं जातं. शरीर नळासारखं नाही, एका तोंडानं ओतलं आणि दुसऱ्यानं निघालं असं होत नाही. औषध आत फिरत राहतं.

केसांचं थोडं जास्त सांगतो, कारण तिथं माग सगळ्यांत जास्त दिवस राहतो. केसाच्या मुळाला रक्त मिळतं. रक्तात जे असेल ते वाढत्या केसात गुंफलं जातं. आपल्या काळ्या केसात जो काळा रंग असतो, मेलॅनिन, त्याला ही अल्कधर्मी औषधं विशेष चिकटतात. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळात गुंफलेला भाग कातडीच्या वर यायला आठवडाभर लागतो. म्हणजे तीन सेंटिमीटरचा केस ही तीन महिन्यांची वही झाली. शिवाय बाहेरून घाम आणि तेल त्याच केसाला माखतं, म्हणून प्रयोगशाळेत आधी केस धुऊन मगच तपासतात. हाताची नखं महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतात, त्यांचीही गत तीच. खेळाच्या चाचणीत मुख्यत्वे लघवी आणि रक्तच घेतात, पण पोलिसी आणि न्यायवैद्यक कामात केस-नखं चालतात. ही उत्सर्जनाची वाट म्हणायची की साठवणीची खोली, तुम्हीच ठरवा. केसात गेलेलं औषध अंगाला लागत नाही, पण केस कापेपर्यंत साक्ष देतं.

आणखी एक ग्रंथी आहे जिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला बोलायचंय. आईच्या छातीतली. दूध रक्तापेक्षा किंचितच आंबट, ७.२ च्या जवळपास, पण एवढ्या फरकानंही निकोटिन दुधात रक्ताच्या जवळपास तिप्पट जमतं. ॲम्फेटामिन तर तीन ते सात पट मोजलं गेलंय. आता आपल्या जिल्ह्यात बायका इंजेक्शनं घेत नाहीत, पण मिश्री लावतात. सकाळी चुलीपुढं बसून, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री भांडी झाल्यावर. बाळंतपणाला आलेल्या कित्येक जणींच्या दातांवर मी ती पाहिलीय. विचारलं की म्हणतात, “तंबाखू नाही ओ, मिश्री हाय.” मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, बाई. तान्ह्या बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला हे फोडून टाकायला आपल्यापेक्षा कितीतरी वेळ लागतो. चहाचंच बघा: मोठ्या माणसात चहातलं कॅफिन पाच-सहा तासांत निम्मं होतं, नवजात बाळात त्याला ऐंशी तास किंवा जास्त लागू शकतात. दूध तोडू नका, दूध बाळाला पाहिजेच. मिश्री तोडा. तुमच्या घरी कुणी असेल तर एवढा निरोप द्या.

आता मुख्य दरवाजा. यकृत आणि मूत्रपिंडं.

यकृत औषधाचे तुकडे करतं, किंवा त्याला असं रूप देतं की ते पाण्यात विरघळावं. मेफेंटरमिनचा एक तुकडा गळून पडला की उरतं फेंटरमिन, आणि ते स्वतः एक उत्तेजकच आहे. भूक मारायच्या गोळ्यांत वापरतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे २० तास. म्हणजे इंजेक्शनची ‘किक’ उतरली असं पोराला वाटतं तेव्हा अंगात त्याचा भाऊ जागा असतो. कोकेनचं उलटं. रक्तातली आणि यकृतातली विकरं, म्हणजे फोडाफोड करणारी एन्झाइम, त्याला तासाभरात निम्मं करतात, पण त्याचे जे तुकडे होतात ते लघवीत दोन-चार दिवस सापडतात. दारूबरोबर घेतलं तर यकृत त्यापासून तिसरंच एक द्रव्य बनवतं, कोकाएथिलीन. ते मूळ कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जड जातं. ही फोडाफोड करणारी विकरं वाडवडिलांकडून येतात. काहींची जोरदार, काहींची मंद. एकाच बाटलीतलं औषध दोन सख्ख्या भावांत वेगवेगळा वेळ राहू शकतं.

मूत्रपिंडाची ताकद माणसाला खरी वाटत नाही. दर मिनिटाला लिटरभर रक्त त्यातून जातं. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं दीडेक लिटर लघवी म्हणून बाहेर, बाकी सगळं परत आत. शिवाय त्याच्या नळ्यांच्या भिंतीत असे वाहक असतात जे अल्कधर्मी औषधं रक्तातून उचलून लघवीत टाकतात. घामाच्या चाळीस लाख ग्रंथी एका बाजूला आणि मुठीएवढी दोन मूत्रपिंडं दुसऱ्या बाजूला ठेवली, तरी ही कुस्ती पहिल्या मिनिटात निकाली.

इथंही तोच तंबाखू-चुन्याचा नियम. लंडनच्या चेल्सी कॉलेजात आर्नॉल्ड बेकेट आणि माल्कम रोलँड यांनी १९६५ च्या सुमारास धडधाकट माणसांना ॲम्फेटामिन देऊन लघवी तपासली. आंबट लघवीत निम्म्याहून जास्त औषध जसंच्या तसं बाहेर आलं. लघवीचा आंबटपणा घालवला तेव्हा त्याच वेळात जेमतेम काही टक्के. बाकीचं नळ्यांतून परत रक्तात. हेच बेकेट पुढं ऑलिंपिकच्या वैद्यकीय समितीत बसले आणि उत्तेजकांच्या चाचण्या उभ्या करणाऱ्यांत होते. म्हणजे लघवीचा हा खेळ पोरांनी शोधलेला नाही. चाचणी बनवणाऱ्यांनी तो साठ वर्षांपूर्वी मोजून ठेवलाय.

आता लिंबूपाणी. तुमच्या पोराला वाटतं लिंबू आंबट, म्हणजे लघवी आंबट होईल आणि सगळं धुऊन निघेल. जिभेला आंबट लागणारं लिंबू शरीरात गेल्यावर जळतं, आणि त्याच्या सायट्रेटपासून बायकार्बोनेट तयार होतं, ते आम्लाच्या उलट गुणाचं. लघवी आंबट व्हायच्या ऐवजी उलट्या बाजूला झुकते. मुतखड्याच्या काही रोग्यांना आम्ही लिंबूपाणी सांगतो ते याच कारणानं. म्हणजे पोर जे काढायला बघतंय ते आत थांबवायची सोय करतंय. ताकानं काहीच होत नाही. ताक प्यावं, चांगलं असतं, पण औषध उतरवायला नाही. आणि लघवी वाढवायच्या गोळ्या किंवा आणखी काही चाळे कुणी सुचवले तर सांगून ठेवतो: लघवी वाढवणारी औषधं स्वतःच खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहेत, आणि लघवी किती पातळ आहे हे नमुना घेतानाच बघतात. कमीत कमी ९० मिलिलिटर नमुना, अ आणि ब अशा दोन बाटल्यांत, खेळाडूसमोर सील. प्रयोगशाळा दिल्लीला. मेफेंटरमिन आणि फेंटरमिन दोन्ही स्पर्धाकाळात बंदी असलेल्या यादीत नावानिशी आहेत, आणि त्यांची शिक्षा चार वर्षांपर्यंत जाते. पैलवानाची चार वर्षं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. २०२२ पासून आपल्याकडं याचा स्वतंत्र कायदाही आहे.

म्हणूनच ‘किती दिवस राहतं’ या प्रश्नाला मी आकडा देत नाही. एक तर तो माणसागणिक, मात्रेगणिक, लघवीगणिक बदलतो. दुसरं म्हणजे तो आकडा तुमच्याकडून पोराच्या कानावर गेला की तो कॅलेंडर घेऊन बसेल. तुम्हाला राग येईल, पण मी तालमी ओळखतो.

जाता जाता सर्दीच्या गोळ्या. इफेड्रिन आणि स्यूडोइफेड्रिन याच भावकीतले, आणि काही सर्दी-खोकल्याच्या औषधांत असतात. लघवीत इफेड्रिन मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर किंवा स्यूडोइफेड्रिन १५० च्या वर गेलं की स्पर्धेत गुन्हा धरतात. स्पर्धेच्या आठवड्यात नाक वाहायला लागलं तर मेडिकलवाल्याला न विचारता डॉक्टरला विचारा, आणि मी पैलवान आहे हे आधी सांगा. चहा-कॉफीची मात्र भीती नको, कॅफिन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही.

एक प्रसंग सांगतो, मग तुम्हाला कळेल हे इंजेक्शन मला का सलतं. काही वर्षांपूर्वी एक बावीस-तेवीसचा गडी हर्नियाच्या ऑपरेशनला आला. छाती ही एवढी, दंड हे एवढे. कसलं औषध घेतोस का विचारलं, नाही म्हणाला. वडील शेजारी उभे होते, मला तेव्हाच त्यांना बाहेर पाठवायला हवं होतं. पाठीत भूल दिली, रक्तदाब घसरला, नेहमीप्रमाणं मेफेंटरमिन दिलं. काही नाही. पुन्हा दिलं. रक्तदाब ढिम्म. असं का, ते कणगीच्या भाषेत सांगतो. मेफेंटरमिनकडं स्वतःचं धान्य फारसं नसतं. ते मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या कणगीचं झाकण उघडतं आणि आतलं नॉरॲड्रेनालिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं शरीराचंच द्रव्य, बाहेर सांडतं. रोज रोज झाकण उघडून कणगी रिकामी केलेल्या माणसाला तुम्ही ऐन वेळी पुन्हा झाकण उघडायचं औषध दिलं तर काय सांडणार? शेवटी आम्ही थेट नॉरॲड्रेनालिनच चालू केलं, म्हणजे धान्य बाहेरून आणून ओतलं, तेव्हा रक्तदाब वर आला. संध्याकाळी वडील चहाला गेल्यावर पोरानं कबूल केलं: दोन महिने रोज, जिममध्ये. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद केलं होतं, ‘घामातनं निघून गेलं असेल’ म्हणून. शब्द हेच, वस्ताद. म्हणून तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मी दचकलो.

आणि घामाबद्दल सगळ्यांत महत्त्वाचं राहिलंच. ही औषधं घामाचं खरं काम बिघडवतात. अंगात उष्णता वाढवतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडून ती बाहेर पडू देत नाहीत, आणि दमल्याची जाणीवच मारून टाकतात. शरीर ‘थांब’ म्हणतंय हे गड्याला ऐकूच येत नाही. १३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन हा इंग्लंडचा सायकलपटू माँ व्हाँतू डोंगर चढताना कोसळला आणि गेला. भर उन्हाळा, अंगात ॲम्फेटामिन आणि दारू. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या तालमीत, वजन उतरवायला प्लॅस्टिकचा सूट घातलेल्या आणि पाणी तोडलेल्या पोरानं वर हे इंजेक्शन घेतलं, तर तो सिम्पसनपेक्षा वेगळं काय करतोय? १९९७ च्या शेवटी अमेरिकेत महिना-सव्वा महिन्यात कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मेले. वजन उतरवण्यानंच एवढं होतं, त्यात उत्तेजकाची भर पडली तर बोलायला नको. स्नायू वितळतात, त्यांचा लाल रंग रक्तातून मूत्रपिंडात जाऊन नळ्या तुंबवतो, आणि जो मुख्य दरवाजा होता तोच बंद पडतो.

तेव्हा तालमीत एवढं लक्षात ठेवा. गडी मेहनत करता करता बरळायला लागला, चिडला, चाल फेंगडली, अंग तापून भट्टी झालंय, छातीत कळ येतेय, किंवा लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर खेळ तिथंच थांबवा. घाम येतोय का नाही यावर जाऊ नका, दोन्ही होऊ शकतं. कपडे काढा, सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा किंवा पुठ्ठ्यानं वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या जातीचा नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. चार जणांनी दाबून धरू नका, धडपडीनं उष्णता आणखी वाढते. पाणी ओतत ओततच गाडीत घाला आणि १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. आणि दारातच खरं सांगा. आम्हाला पोलिसांत जायचं नसतं, आम्हाला फक्त कुठलं औषध द्यायचं नाही ते ठरवायचं असतं. त्याच्या पिशवीत, बदलायच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर बाटली सापडली तर रिकामी असली तरी बरोबर घेऊन या.